ला कालांद्रियाचा हिरवा मांडव

दामियान बारेआने उभ्या जन्मात एकच वस्तू लपवून घरी आणली, ती म्हणजे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वेलाची सहा रोपं.

अठराशे एक्क्याण्णव सालची गोष्ट. खेरेस गावाबाहेरच्या पांढऱ्या टेकड्यांवर ‘ला कालांद्रिया’ नावाचा द्राक्षमळा होता, आणि दामियान तिथला मुकादम होता. मालकाची पिंपं इंग्लंडच्या बोटीवर चढवायची म्हणून तो गाड्यांबरोबर बंदरावर गेला होता. तिथे एका खलाशाने त्याला बाजूला घेतलं.

‘‘काळं द्राक्ष आहे,’’ खलाशी म्हणाला, ‘‘पण वास स्ट्रॉबेरीचा. आणि वाढतं असं, की दोन उन्हाळ्यांत दारावर छप्पर.’’

मालागाकडे मुळांवरचा किडा पडला, तिथल्या डोंगरच्या डोंगर वाळून गेले, तेव्हापासून परदेशी वेल आणायला सरकारची बंदी होती. दर हंगामाच्या आरंभी तो हुकूम मजुरांना वाचून कोण दाखवायचं? तर दामियानच. त्याने रोपांकडे पाहिलं, हात मागे घेतला, दोन पावलं चालला आणि परत फिरला.

कारण होतं सालुद, त्याची बायको. मळ्यातलं त्यांचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं आणि आसपास सावलीला एक झाड नव्हतं. तिथली माती खडूसारखी. हिवाळ्यात ती पाऊस पोटात घेते, वरून कवच धरते, आणि सगळा उन्हाळाभर वेलांना आतल्या आत पाणी पाजत राहते. वेलांना ती मानवते. माणसाला मात्र जुलैमध्ये दुपारी त्या टेकडीकडे बघवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. अठरा वर्षांच्या संसारात सालुदने एकच मागणं मागितलं होतं, ‘‘दाराशी टोपलीभर सावली कर रे बाबा.’’

रोपं त्याने घराच्या दक्षिणेला लावली. कुणी विचारलंच तर, गावातल्या पाद्रीबाबांच्या अंगणातली आहेत, असं सांगायचं ठरलं. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मांडव भरला. सालुद त्याखाली बसून वाटाणे सोलायची, शेजारच्या मळ्यातल्या बायांना बोलावून काळी द्राक्षं चाखवायची.

‘‘काय गं, अत्तर घातलंस की काय यात?’’ बाया विचारायच्या.

‘‘नवऱ्याने आणलंय,’’ ती हसून म्हणायची.

दर रविवारी दामियान गावात मेल्चोरकडे जायचा. मेल्चोर त्याच मालकाच्या तळघरांचा मुकादम. तळघर नुसतं म्हणायला, एरवी इमारत देवळाएवढी उंच, खाली वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे शिंतोडे, खिडक्यांना गवताच्या चटया आणि अंधारात पिंपांच्या रांगांवर रांगा. दोघांची मैत्री लहानपणापासूनची, आणि भांडणही तेव्हापासूनचं.

‘‘तू नुसता रस देतोस,’’ मेल्चोर म्हणायचा. ‘‘वाईन आम्ही करतो.’’

‘‘तू काय करतोस? दार लावतोस आणि झोपतोस. करते ती साय.’’

यात खोटं काही नव्हतं. नव्या वाइनीत थोडं मद्यार्क घातलं की पिंपात तिच्यावर पांढरी साय धरते. तिकडे तिला फूल म्हणतात. त्या सायीखाली वाईन फिकट आणि धारदार राहते, ती फिनो. साय मेली की तीच वाईन हवेशी भिडते, काळवंडते, बदामासारखी लागायला लागते. तिला म्हणायचं आमोंतियादो. अंगानेच जाड असलेल्या वाइनीत मद्यार्क जास्त घालतात, तिथे साय धरतच नाही, तिची होते ओलोरोसो. आणि वीस-पंचवीस पिंपांत एखादं असं निघतं, की वास एकीचा नि चव दुसरीची. का, ते कुणी सांगत नाही. मेल्चोर प्रत्येक पिंपाचा वास घ्यायचा आणि त्यावर खडूने खूण करायचा, हलकीला एक तिरपी रेघ, जाडीला गोल. त्या विचित्र पिंपावर मात्र रेघ ओढून तिला छेद द्यायचा आणि स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूणही करायचा.

‘‘नीट ऐक,’’ तो म्हणायचा. ‘‘सगळ्यात खालच्या रांगेत सगळ्यात जुनी. तिच्यातून थोडी काढायची, वरच्या रांगेतून तेवढी भरायची, तिच्यात तिच्या वरचीतून. आणि सगळ्यात वर तुझा यंदाचा रस. कालच्या विरजणावर आजचं दही, तसं. माझ्या आज्याच्या आज्याने पहिलं पिंप भरलं त्यातला थेंब आजही या खालच्या रांगेत आहे. एक वर्ष जरी वरून नवं आलं नाही ना, तर सायीला खायला राहत नाही.’’

‘‘येईल, येईल,’’ दामियान म्हणायचा. ‘‘माझा मळा कुठं पळून चाललाय?’’

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तोडणीला माणसं कमी पडली. तेव्हा नोर्बेर्तो आला. चाळिशीचा, वाळकुंडा, खांद्यावर घोंगडी. मालागाकडचा होता. त्याचा स्वतःचा डोंगर किड्याने खाल्ला होता. तिकडच्या माणसाला मळ्यात घ्यायचं नाही, घेतलंच तर मातीबरोबर किडा येऊ नये म्हणून आधी वहाणा जाळायच्या, असा रिवाज होता. दामियानने त्याचे हात पाहिले. छाटणी करणाऱ्याचे हात होते.

‘‘वहाणा काढ,’’ तो म्हणाला.

नोर्बेर्तोने मुकाट काढल्या. दामियानने त्या जाळल्या आणि आपल्या जुन्या त्याला दिल्या. सालुदने त्याला मांडवाखाली बसवून पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याने वर हात केला, एक पान उलटून पाहिलं, सोडून दिलं आणि विचारलं, ‘‘बाई, भाकरीचा तुकडा आहे का काही?’’

तो तोडणीला राहिला, मग छाटणीलाही राहिला. माणूस कामाचा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पुढच्या जूनमध्ये दामियानला घराच्या खालच्या अंगाला अकरा वेल पिवळे दिसले. ऊन फार झालं असेल, असं तो मनाशी म्हणाला. आठवड्याने सत्तावीस झाले. पिवळेपणा गोल पसरत होता, कापडावर तेलाचा डाग पसरावा तसा. त्याने कुदळ घेतली, कडेचा एक वेल उपटला. मुळांना गाठी आल्या होत्या, आणि गाठींवर पिवळी पूड. डोळ्यांजवळ धरली तेव्हा पूड चालायला लागली.

मागे नोर्बेर्तो उभा होता.

‘‘तोच?’’ दामियानने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

‘‘तोच. मुकादम, मालकाला आज सांगा. एवढं उपटून जाळलं तर एखादं वर्ष मिळेल.’’

दामियानने वर पाहिलं. डागाच्या वरच्या टोकाला, वीस पावलांवर, त्याचं घर होतं. घराला टेकून मांडव होता. सगळ्या टेकडीवर हिरवंगार असं तेवढंच दिसत होतं.

‘‘तोडणी होऊ दे,’’ तो म्हणाला. ‘‘मग सांगू.’’

नोर्बेर्तोने खड्ड्यावर माती लोटली.

तोडणीपर्यंत थांबावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये डाग खळ्याएवढा झाला आणि शेजारच्या टेकड्यांवरही तसेच डाग निघाले. सरकारी माणसं आली, मुळं बाटलीत भरून घेऊन गेली, आणि किडा खेरेसमध्ये पोचल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी कुणी सांगितलं नसताना कुणीतरी चर्चची घंटा वाजवली. बायका रस्त्यात उभ्या राहून रडत होत्या. चार दिवस पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. तो सुटला की तिकडे माणसांची डोकी फिरतात, कुत्रीसुद्धा चावतात.

पाचव्या दिवशी भर दुपारी मालक घोड्यावरून मळ्यात आला. त्याने डाग पाहिला. पन्नास मजूर हातात कुदळी घेऊन अंगणात जमले होते. मालकाने दामियानला विचारलं, ‘‘माझ्या टेकडीवर हे आणलं कुणी?’’

सालुद दारात उभी होती. दामियानला आपल्या मागे मांडवाची पानं वाऱ्यात सळसळताना ऐकू येत होती. तो म्हणाला, ‘‘नोर्बेर्तो मालागाचा आहे.’’

एवढंच म्हणाला. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला समजावत राहिला, की आपण खोटं काही बोललो नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. कुणीतरी नोर्बेर्तोची गचांडी धरली, कुणीतरी त्याच्या वहाणा ओढून काढल्या, त्याच्या घोंगडीवर टाकल्या आणि पेटवल्या. दामियाननेच दिलेल्या त्या वहाणा. मग त्याला अनवाणी टेकडीवरून खाली हाकललं. ऑगस्टच्या दुपारी ती पांढरी जमीन तव्यासारखी तापलेली असते. तो पळत नव्हता, पाय उचलून उचलून टाकत होता, आणि मागून ढेकळं जात होती. एक दगड त्याच्या कानशिलावर बसला. तो गुडघ्यावर आला, उठला, त्याने एकदा वळून घराकडे बघितलं आणि तो उतारापलीकडे दिसेनासा झाला.

दोन वर्षांत टेकडी गेली. वेल उपटून ढीग केले, ढीग जाळले. संध्याकाळी गावातून पाहिलं की सगळ्या टेकड्यांवर धूर. कावळेसुद्धा यायचे बंद झाले. आणि त्या राखेच्या मधोमध, घराच्या दक्षिणेला, मांडव हिरवा. किड्याने मुळं कुरतडली तरी ती जात मरत नव्हती. द्राक्षांचे घोस लगडले होते. तोडायला कुणी जात नव्हतं, ते तिथेच पिकून गळत आणि अंगणात स्ट्रॉबेरीचा गोड वास भरून राही.

सालुद अडाणी होती, खुळी नव्हती. एका दुपारी तिने खुर्ची मांडवाखालून उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली.

‘‘तिथं काय बसतेस? डोकं फुटेल,’’ दामियान म्हणाला.

‘‘सगळं मेलं. हेच कसं नाही मेलं?’’

तो टोपीवरची धूळ झटकायला लागला.

‘‘मी विचारतेय.’’

‘‘उपटतो मी ते. रविवारी, सगळे चर्चमध्ये असतील तेव्हा.’’

‘‘उपटू नकोस,’’ सालुद म्हणाली. ‘‘उपटलंस तर तू विसरशील.’’ आणि तेव्हापासून ती बाहेर बसली की उन्हातच बसे. तिच्या चेहऱ्याची कातडी उन्हाने काळी पडून तडकली. त्यावरून ती दामियानशी कधी भांडली नाही. चण्यांचा रस्सा वाढायची, कपडे धुवायची. बोलणं मात्र कामापुरतं.

मेल्चोरकडे जाणंही दामियानला जड व्हायला लागलं. नवा रस येत नव्हता. पहिल्या वर्षी मेल्चोरने कुठल्या कुठल्या मळ्यांतला उरलासुरला गोळा केला. दुसऱ्या वर्षी तेवढाही नाही. तिसऱ्या वर्षी त्याने दामियानला हाताला धरून एका पिंपापाशी नेलं. त्या पिंपाला पुढून काच बसवलेली होती, पाहुण्यांना साय दाखवायला. मेल्चोरने मागे मेणबत्ती धरली.

‘‘बघ.’’

एके काळी तिथे बोटभर जाड, पांढरीशुभ्र साय असायची. आता करडे तुकडे तरंगत होते, त्यांच्या मधून काळं पाणी दिसत होतं. दामियान बघत असताना एक तुकडा सुटला आणि हळूहळू तळाला गेला.

‘‘उपाशी आहे रे,’’ मेल्चोर म्हणाला. ‘‘या रांगेत चाळीस पिंपं फिनोची होती. एकतीस गेली. आमोंतियादो झाली. इंग्रजांना आवडेल, ते मिटक्या मारत पितील. पण उलटं कधी होत नाही, दामियान. आमोंतियादोची परत फिनो होत नाही. ही नऊ उरलीत. हीही गेली की मी कुणाला विरजण लावू?’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘मालक म्हणतो, आगगाडीने तिकडच्या ला मांचा प्रांतातला रस आणून ओत. मी नाही म्हटलं. अजून किती दिवस नाही म्हणू शकेन, माहीत नाही.’’

किडा आल्यावर बंदी उठली होती, आणि मालकाने तोवर अमेरिकन खुंट आणवले. त्यांच्या मुळांना किडा जुमानत नाही, त्यांच्यावर आपल्या वेलाचं कलम बांधायचं, असं सगळीकडे चाललं होतं. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात ला कालांद्रियावर चार हजार खुंट लागले. वसंतात पालवी फुटली, लोकांनी टोप्या उडवल्या. जूनमध्ये पानं पिवळी पडली. सगळीच, एकदम, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. किडा नव्हता. दामियानने खणून पाहिलं, मुळं स्वच्छ होती. ही मातीच त्या खुंटांना सोसत नव्हती. पन्नास मजूर ओळींच्या कडेला उभे होते. यावेळी दोष द्यायला परका कुणी नव्हता. ते एकमेकांकडे बघत होते.

मेल्चोरनेच मालकाला सांगितलं, ‘‘खडूच्या जमिनीत कुठला खुंट तगतो ते मालागावाले शिकलेत. तो तुमचा नोर्बेर्तो आता तिकडे कलमं बांधतो, फार नाव आहे म्हणतात.’’

‘‘मुकादमाला पाठवा,’’ मालक म्हणाला.

दामियान आगगाडीने गेला, मग खेचरावरून. डोंगराच्या कुशीत एका पडवीत नोर्बेर्तो पाटावर बसून खुंटावर वेलाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवत होता. त्याने मान वर केली, ओळखलं आणि परत काम करायला लागला.

‘‘नोर्बेर्तो,’’ दामियान म्हणाला. सुरी चालत राहिली. ‘‘नोर्बेर्तो, मी—’’

‘‘उजवीकडून बोल. डावा कान तुमच्या टेकडीवर राहिला.’’

दामियान उजवीकडे गेला. त्याने वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही आठवेना. ‘‘तो किडा तू आणला नव्हतास,’’ तो कसाबसा म्हणाला. ‘‘माझ्या दारातल्या वेलावरून आला. मी बंदरावरून आणली होती ती रोपं. चोरून.’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘काय ठाऊक आहे?’’

‘‘पहिल्या दिवशी तुझ्या बायकोने पाणी दिलं ना, तेव्हाच पान उलटून पाहिलं. मागची बाजू कापसासारखी पांढरी. आमच्याकडे असाच एक मांडव होता, पाद्र्याच्या घरी. तो आला आणि पाठोपाठ किडा आला.’’

दामियान म्हणाला, ‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो असतो तर ठेवून घेतलं असतंस? तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. म्हटलं, तोडणी होऊ दे, मग सांगू. मग तू छाटणीला ठेवलंस. मग म्हटलं, कदाचित माझाच अंदाज चुकला असेल.’’ नोर्बेर्तोने सुरी पुसली. ‘‘त्या हिवाळ्यात तो मांडव उपटला असता तर वाचलं असतं का? मी अजून हिशेब करतो. उत्तर येत नाही.’’

त्याने पुढचा खुंट हातात घेतला. मग नोर्बेर्तो म्हणाला, ‘‘मी येतो. पण मुकादम म्हणून. आणि आधी तू तिथं अंगणात उभं राहून सांगायचं, त्याच माणसांना.’’

‘‘तुला आधीच ठाऊक होतं, तेही सांगू?’’

‘‘ते तुझं तू बघ,’’ नोर्बेर्तो म्हणाला, पण त्याचे हात थांबले होते.

नोर्बेर्तोला घेऊन मळ्यात परतल्यावर दामियानने सकाळी भाकरीच्या सुट्टीत, अंगणात सांगितलं. रोपं, बंदर, बंदी, सगळं. ‘‘मी आणलं,’’ तो म्हणाला, ‘‘आणि नाव याचं घेतलं.’’ ज्याने दगड मारला होता तो सुरीने भाकरीचा काप काढत होता. काप पूर्ण काढला, त्यावर तेल ओतलं आणि मान न उचलता म्हणाला, ‘‘आता सांगतोस होय.’’ बाकीचे खात राहिले. हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं दामियानला वाटलं. जेवण झाल्यावर ते उठले, घराच्या दक्षिणेला गेले आणि मांडव कुदळींनी मुळासकट खणून काढला. नोर्बेर्तो म्हणाला, ‘‘आता त्याने काय होणार? जमीन किड्याने भरलीय.’’ कुणी ऐकलं नाही. ओला पाला धड पेटेना. तो सगळी दुपार नुसता धुमसत राहिला.

सालुदने त्या दिवशी नवऱ्याला स्वतः पुढे बसून वाढलं. ‘‘नीट जेव,’’ म्हणाली. कित्येक वर्षांत ती असं बोलली नव्हती.

सरकारी इंजिनिअरने पुढे अहवालात लिहिलं, की त्या उन्हाळ्यात किडा एकाच वेळी पाच टेकड्यांवर सापडला, तेव्हा तो कुठून आला हे सांगता येणार नाही. मेल्चोरने मुद्दाम तो वाचून दाखवला. दामियानने ऐकून घेतलं आणि कुदळ उचलून कामाला गेला. कारण मालकाने त्याला मुकादमीवरून काढलं होतं, आणि तो आता त्याच मजुरांच्या रांगेत खणत होता. नोर्बेर्तोच्या हाताखाली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा नेहमी रिकाम्या असत. पाण्याचं मडकं हातोहात फिरत यायचं आणि त्याच्या अलीकडून परत जायचं. नोर्बेर्तो स्वतः उठून त्याला पाणी द्यायचा. देताना त्याच्या तोंडाकडे बघायचा, हा आज बोलतो की उद्या, अशा नजरेने. दामियान पाणी पिऊन मडकं परत करायचा.

खुंट तगले. एकोणीसशे तीनमध्ये पहिला भरघोस रस गावात गेला. नऊ पिंपांतली चार तोवर टिकली होती. मेल्चोरने त्या चारांना नवी वाईन पाजली, आणि त्यांच्यातली साय थोडी थोडी उचलून बाकीच्या पिंपांना विरजण लावलं. त्याने दामियानला बघायला बोलावलं, पण दामियान गेला नाही.

एकोणीसशे नऊच्या फेब्रुवारीत तो छातीच्या दुखण्याने पडला. मळ्यातलं कुणी भेटायला आलं नाही. एका सकाळी नोर्बेर्तो आला, टोपी हातात घेऊन उजवा कान पुढे करून खाटेशी बसला.

‘‘दहा वर्षं झाली,’’ तो म्हणाला. ‘‘माझं का नाही सांगितलंस? रोज वाट बघायचो. कधी कधी वाटायचं, सांगून टाक एकदाचं.’’

दामियानने मान त्याच्याकडे वळवली. ‘‘तुला परत अनवाणी जावं लागलं असतं,’’ तो म्हणाला.

नोर्बेर्तोने मान खाली घातली. सालुदने दोघांसाठी पेल्यांत थोडी फिनो ओतली, खिडकी उघडली आणि नोर्बेर्तोला विचारलं, खालच्या अंगाची कलमं बांधून झाली का. तो म्हणाला, अजून दोनशे राहिलीत.